घोड्यावरचा राजा

दिवाळीच्या आधीच्या रविवारी जी गृहिणी घर सोडून बाहेर पडते, ती एक तर वेडी असली पाहिजे, नाही तर तिच्या घरी फराळ विकतचा येत असला पाहिजे. माझ्या घरी फराळ विकतचा येत नाही. तरीही गेल्या वर्षी त्या रविवारी चकलीच्या भाजणीचे तांदूळ धुऊन पंच्यावर पसरलेले, लाडवांचे बेसन अर्धे भाजलेले, माळ्यावरचे डबे खाली उतरवून ओळीने मांडलेले, असा सगळा पसारा आहे तसा टाकून आम्ही पाच माणसे मुंबईला गेलो. आणि गेलो ते कशाला, तर एक पुतळा पाहायला! शेजारणीला मी हे सांगितले नाही. "जरा खरेदीला गेलो होतो," असे म्हटले. माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहून तिने काय तर्क केला असेल तो असो.

ठरवल्याशिवाय काही करायचे नाही, असा आमच्या घराचा शिरस्ता आहे. हे एका कारखान्यात हिशेब लिहितात; वहीत खोडलेले जसे त्यांना खपत नाही, तसे ठरलेल्या दिवसातही खपत नाही. मी बालवाडीत शिकवते. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी. तेवढ्या भांडवलावर मी चार कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या वाचनालयांच्या कपाटांत सुखाने नांदत आहेत. कादंबरीत मी माणसांना रातोरात पळवून नेते, भरल्या घरातून उठवून काशीला धाडते. पण पुढच्याच स्टेशनावरच्या टिटवाळ्याच्या गणपतीला जायचे झाले, तरी आमच्याकडे आठ दिवस आधी चर्चा होते.

आम्ही मोहन्यात राहतो. माझ्या आजेसासऱ्यांनी पारनेर तालुक्यातले कोरडवाहू रान भावांच्या हवाली केले आणि ते इथल्या रेयॉनच्या कारखान्यात आले. सासरेही तिथेच लागले, तिथूनच निवृत्त झाले. पुढे २००९ साली कारखाना बंद पडला. भोंगा थांबला आणि अर्ध्या गावाला घड्याळे विकत घ्यावी लागली, असे आबा म्हणत असत. 'म्हणत असत' असे मी लिहिले, कारण अलीकडे आबा फारसे काही म्हणत नाहीत.

त्यांना शहात्तरावे लागले होते. दोनएक वर्षांपासून त्यांच्या बोलण्यात लहानसहान सांधे निखळू लागले होते. दूधवाल्याचे पैसे ते दोनदा देत. धाकटीला हाक मारताना आपल्या बहिणीचे नाव घेत. पण ही झाली कौतुकाने हसण्याजोगी विसरभोळी गोष्ट. श्रावणात एके दिवशी ते कोपऱ्यावरच्या दुकानात सुपारी आणायला म्हणून गेले ते दोन तास परत आले नाहीत. शेवटी ओळखीच्या एका रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडले. बंद कारखान्याच्या फाटकासमोर ते उभे होते म्हणे. हातात सुपारीची पुडी, आणि फाटक अजून का उघडत नाही म्हणून अंमळ रागावलेले.

त्या दिवसापासून आमच्या घराला एक वाईट खोड लागली. आबा काही बोलले की कोणी तरी ते दुरुस्त करायचे. "आबा, ते काल नाही, परवा." "आबा, ते मामा नव्हेत, ते काका." कोणी वाईट हेतूने करीत नव्हते. डॉक्टरांनीच सांगितले होते, की त्यांना दिवस-वारांची जाणीव देत राहा. पण औषधाचा चमचा आणि वरवंटा यांत जो फरक असतो तो आम्ही राखला नाही. त्यात मी पडले बाई. चूक दिसली की माझी जीभ आपोआप तांबड्या शाईत बुडते. आबांनी बोलणे कमी केले, आणि आम्हांला वाटले, चला, चुका कमी झाल्या.

तर त्या रविवारी सकाळी धाकटी ओसरीवर भेटकार्डे रंगवीत बसली होती. चौदा वर्षांची आहे, पण हात चांगला आहे. 'माझी मुंबई' असा काही विषय घेऊन तिने फोनवरच्या चित्रावरून काळा घोडा काढला होता. आबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले,

"घोडा झ्याक काढलास. पण राजा कुठं गेला?"

"कुठला राजा, आबा?"

"त्याच्यावर बसलेला."

"ह्याच्यावर कोणी नसतं. हे बघा ना, फोटो."

"होता."

इथे थोरला उठून आला. तो कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे जगातले सर्व काही त्याला नुकतेच कळलेले आहे. त्याने फोनवर आणखी दोन-तीन चित्रे काढून आबांच्या डोळ्यांपुढे धरली. चारी बाजूंनी घोडा, आणि पाठ मोकळी. "नव्हता, आबा. तुम्हाला दुसरंच काही तरी आठवतंय." मी स्वयंपाकघरातून, हात बेसनात असताना, न पाहताच सांगितले, "नसेल हो, आबा. फोटोत दिसतंय ना!"

आबांनी कप खाली ठेवला. आत गेले. थोड्या वेळाने इस्त्रीचा सदरा, टोपी, पायांत चपला अशा थाटात बाहेर येऊन उंबऱ्यावर उभे राहिले. "मी जाऊन बघून येतो," म्हणाले.

"एकटे कुठे जाता?" हे गडबडून म्हणाले.

"मग चला."

ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. हे माळा झाडण्यासाठी डोक्याला पंचा बांधून उभे होते. त्यांनी तो पंचा सोडला, घडी केली, खुंटीला लावला आणि म्हणाले, "चला." अठरा-एकोणीस वर्षांच्या संसारात मी यांच्या तोंडून हा शब्द असा सुटा, मागेपुढे कसलाही हिशेब नसलेला, पहिल्यांदाच ऐकला. मी गॅस बंद केला.

आंबिवलीला गाडी मिळायला पाऊण तास लागला. रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. तो पाळणाऱ्या माणसांनीच मुंबईला जावे. गाडी मिळाली, आबांना खिडकी मिळाली, आणि कल्याण मागे पडल्यावर ते आपणहून बोलू लागले. इतके सलग बोलणे मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

१९५८ ची दिवाळी. त्यांच्या वडिलांना बोनस मिळाला होता. फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत त्यांच्या गावचा एक माणूस शिपाई होता. त्याला भेटायचे, मुलाला मुंबई दाखवायची आणि येताना मंडईतून फटाके घ्यायचे, असा बेत. आबा तेव्हा दहा वर्षांचे. काळ्या घोड्यापाशी आल्यावर वडिलांनी त्यांना थांबवले आणि वर बोट करून सांगितले, "हे बघ. मुंबईत माणूस हरवतो. हरवलास तर कुणाला काही विचारू नको, काळा घोडा कुठं एवढंच विचार, आणि इथं येऊन उभा राहा. हा राजा कुठं जात नाही."

आणि ते हरवले! "फटाक्याच्या दुकानापाशी हात सुटला," आबा सांगत होते, "मग विचारीत विचारीत आलो. उभा राहिलो. दिवे लागले तरी उभा. वर बघायला भ्या वाटायचं, म्हणून राजाच्या पायातल्या बुटाकडं बघत होतो. मग दादा आले." दादांनी मारले का, असे धाकटीने विचारले. "नाही," आबा म्हणाले, "राजाकडं बघून हात जोडले त्यांनी. म्हणाले, राज्य गेलं बिचाऱ्याचं, पण कामाला आला."

गाडीतली समोरची दोन माणसेही हसली. थोरला हसला नाही. तो फोनमध्ये बघत होता.

बोरीबंदरला उतरल्यावर धाकटीने आम्हांला रस्ता ओलांडून पलीकडे नेले आणि इमारतीकडे तोंड करून उभे केले. मी या स्टेशनात किती वेळा आले-गेले असेन. पण गाडी पकडणारा माणूस फक्त घड्याळ पाहतो, इमारत पाहत नाही. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला आहे. सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला. वर घुमटावर एक बाई उभी आहे, तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. तिचे नाव प्रगती. १८८८ मध्ये ही इमारत पुरी झाली. नकाशा स्टीव्हन्स साहेबाचा, पण भिंतींवरची पाने-फुले, मोर, माकडे अशी कितीतरी कोरीव कामे जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातची. "म्हणजे शाळेतल्या मुलांनी केलं?" धाकटीने विचारले, आणि मग ती बराच वेळ बोलली नाही. भिंतीवरच्या गोल चौकटींतून रेल्वे उभारणाऱ्या बड्या लोकांचे चेहरे बाहेर डोकावतात. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आहेत. म्हणजे आमच्या शेजारच्या मुरबाडचे नाना! गावचा माणूस भेटावा तसे मला बरे वाटले. आबांना काही त्यात रस नव्हता. त्यांना राजा गाठायचा होता.

चालत चालत हुतात्मा चौकात आलो. गुडघ्यांमुळे आबांना वेळ लागतो, पण रविवारचा फोर्ट हा एखाद्या मोठ्या घरातली माणसे लग्नाला गेल्यावर मागे राहिलेल्या वाड्यासारखा असतो. मधोमध चाला, कोणी हटकीत नाही. कारंज्यावरची फ्लोरा १८६४ पासून तिथे उभी आहे. मध्यंतरी तिची दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली, पांढरीस्वच्छ दिसते. तिच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मा स्मारक. एक कामकरी, एक शेतकरी, दोघांत मिळून एक मशाल. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या जागी गोळीबार झाला, तेव्हा आबा सात वर्षांचे होते. त्यांनी टोपी काढली, थोडा वेळ उभे राहिले, पुन्हा घातली. ते स्वतः कामकरी, त्यांचे आजोबा शेतकरी. पण ते काही बोलले नाहीत आणि मीही ते कोणाला समजावून सांगितले नाही. शिकवण्याची सवय एवढी तरी आवरता येते, हे मला त्या दिवशी कळले.

मग काळा घोडा. कोपऱ्यावरून तो दिसला, आणि मी घोड्याकडे न पाहता आबांकडे पाहिले.

घोडा सुंदर आहे, यात शंका नाही. उंच चौथऱ्यावर, काळाभोर, तेजाने भरलेला. २०१७ साली तो तिथे बसवला. आराखडा वास्तुविशारद अल्फाज मिलर यांचा आणि शिल्प श्रीहरी भोसले यांचे. एखाद्या चित्रातल्या घोड्यावर प्रेम करावे तसे पोरीने त्याच्यावर प्रेम केले. ती चारी बाजूंनी फिरली, वहीत रेघा मारल्या. आबा मात्र एकाच जागी उभे होते. त्यांनी घोड्याची पाठ पाहिली, मग चौथऱ्याखाली पाहिले, मग शेजारच्या इमारतीकडे. जणू राजा तिथेच कुठे पाय मोकळे करायला उतरला असावा. मग ते चौथऱ्याच्या मागल्या बाजूला जाऊन आले.

"नाही," ते म्हणाले.

एवढेच. पण त्या 'नाही'चा सूर मला आजही ऐकू येतो. तो आम्हांला उद्देशून नव्हता. दहा वर्षांचा एक मुलगा दिवे लागेपर्यंत ज्याच्या बुटाकडे बघत उभा राहिला, तो माणूसच नव्हता म्हणजे मग काय काय नव्हते, असे ते स्वतःला विचारीत असावेत. दूधवाल्याचे पैसे चुकणे निराळे आणि वडिलांचा हात चुकणे निराळे.

हे म्हणाले, "आलोच आहोत तर गेटवे पाहून घेऊ." यांना असे प्रसंग सोसत नाहीत, विषय बदलायचा तर ते जागा बदलतात. गेटवेला माणसांचा नुसता पूर होता. तिथे १९२४ साली उभी राहिलेली ती कमान, आणि समोरच्या बागेत तिच्याकडे पाहणारे घोड्यावरचे शिवाजी महाराज. हा पुतळा २६ जानेवारी १९६१ ला उभा राहिला. शिल्पकार सदाशिव साठे. आपल्या डोंबिवलीत ज्यांचे शिल्पालय आहे ते भाऊ साठे. ते २०२१ मध्ये गेले. 'आपल्याकडचे' म्हणून मी मुलांना कौतुकाने सांगत होते, तोच थोरल्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आबा, हाच असणार! घोडा आहे, वर बसलेले महाराज आहेत, रंग काळपट आहे. तुम्ही लहानपणी हा पाहिला असेल, आणि डोक्यात दोन्ही एक झाले. असं होतं. त्याला नाव पण आहे काही तरी."

किती व्यवस्थित उत्तर! गणित सुटल्यावर वर्गाला वाटतो तसा सुटकेचा आनंद आम्हां सगळ्यांना झाला. यांनी मान डोलावली. मीही डोलावली. १९५८ साली हा पुतळा इथे नव्हता, हे मला त्याच क्षणी दिसायला हवे होते. तारीख तर मीच आत्ता सांगितली होती! पण सोपे उत्तर मिळाले, की माणूस ताळा करीत नाही.

आबांनी महाराजांकडे पाहिले. नमस्कार केला. "असंल," म्हणाले.

वडापाव खाल्ले. आबांनी अर्धा टाकला. त्यांच्याने आता चालवेना, म्हणून ते, मी आणि धाकटी टॅक्सीने बोरीबंदरला जायचे आणि हे नि थोरला चालत येणार, असे ठरले. टॅक्सीवाला साठीच्या पुढचा होता, बोलण्यावरून जुन्नर-आंबेगावकडचा. आबा पुढे बसले. गाडी काळ्या घोड्यावरून गेली तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. धाकटीच म्हणाली, "आबा, मी तुमच्यासाठी चित्रात राजा काढते. चालेल?"

टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिले. "कुठला राजा, पोरी? काळ्या घोड्यावरचा? तो राणीच्या बागेत आहे ना!"

मी पुढे वाकले. "कोण राणीच्या बागेत आहे?"

"घोडा आणि राजा. दोघं. मी भायखळ्यात वाढलोय बाई. लहानपणी त्याच्याखाली गोट्या खेळलोय आम्ही. पूर्वी इथं होता, मग काढून तिकडं नेला. हा आत्ताचा नवीन."

धाकटीने फोन काढला. सकाळी याच फोनने आबांना खोटे पाडले होते. पण त्याचा काय दोष? त्याला जेवढे विचारले तेवढेच तो सांगतो. आता विचारले तर सगळे भडाभडा बाहेर आले. इंग्लंडचा युवराज एडवर्ड १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ बोहेम या शिल्पकाराकडून हा ब्राँझचा पुतळा करवून घेतला. १८७९ मध्ये तो उभा राहिला आणि १९६५ साली तिथून हलवून राणीच्या बागेत नेला.

मी तिला हळूच म्हटले, "मोठ्याने वाच." तिने मोठ्याने वाचले. आबा समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि परत घातली.

"भायखळा," मी टॅक्सीवाल्याला सांगितले. मग यांना फोन केला: "तुम्ही दोघे गाडीने भायखळ्याला या. बागेच्या फाटकाशी." कशाला, ते सांगितले नाही. कादंबरीकार बाईला एवढी मुभा असावी.

राणीच्या बागेत सगळे लोक पेंग्विन पाहायला येतात. तिकिटाची खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता, आणि रांग मोठी. आत शिरल्यावर मी एका रखवालदाराला विचारले, "काळा घोडा कुठे आहे?" तो म्हणाला, "घोडा नाही बाई आपल्याकडे. वाघ आहे." चूक त्याची नव्हे, जिवंत जनावरांच्या बागेत मी निर्जीव घोडा विचारीत होते. वस्तुसंग्रहालयाच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले, आणि तुकडे झाले म्हणूनच तो इथे राहिला! १९१४ साली ते पुन्हा जोडले. धाकटीला सांधे शोधायचे होते, पण आबा पुढे निघाले होते. त्यांचे गुडघे कुठे गेले होते कोण जाणे.

पुढे मी वाचले, की फोर्टातले ते फ्लोराचे कारंजे मुळात याच बागेसाठी योजले होते. म्हणजे देवी बागेऐवजी रस्त्यावर गेली, आणि युवराज रस्त्यावरून बागेत आला.

तो झाडांच्या सावलीत होता. घोडा काळा. त्यावर माणूस.

आबा त्याच्यासमोर उभे राहिले. मला वाटले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. तसे काही झाले नाही. त्यांनी आधी बुटाकडे पाहिले. मग सावकाश वर. मग एक पूर्ण फेरी घातली, देवळात घालतात तशी, पण हात मागे बांधून. परत जागेवर आले आणि म्हणाले, "लहान झालाय."

"तुम्ही मोठे झालात, आबा," धाकटी म्हणाली.

"तसं बी असंल."

परक्या राजांचे पुतळे रस्त्यांवरून हलवले, यात मला काही वावगे वाटत नाही. राज्य गेल्यावर चौकात बसून राहण्याचा त्यांना काय हक्क? पण गंमत अशी, की मुंबईच्या लोकांनी या स्वाराला फार आधीच, तो वर बसलेला असतानाच, खाली उतरवले होते. पुतळा युवराजाचा, पैसा ससूनचा, शिल्पकार लंडनचा. आणि लोकांनी नाव दिले काय, तर 'काळा घोडा'! स्वाराचा उल्लेखसुद्धा नाही. १९६५ साली घोडाही गेला, तरी नाव तिथेच राहिले. पुढे बावन्न वर्षांनी त्या नावाला शोभेल असा रिकाम्या पाठीचा घोडा आणून बसवला, तेव्हा ज्याने त्याने तो बरोबर ओळखला. चुकले नाही कोणीच. फक्त एका दहा वर्षांच्या मुलाला वडिलांनी घोडा न दाखवता राजा दाखवला होता.

तेवढ्यात हे आणि थोरला आले. मी लांबूनच पाहत होते. थोरला चालता चालता थांबला. त्याने पुतळ्याकडे पाहिले, आबांकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कॉलेजचे पहिले वर्ष झर्रकन उतरून गेले. मला माझ्या बालवाडीतला मुलगा दिसला. तो आबांजवळ जाऊन उभा राहिला.

"आबा, होता की राजा."

आबांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिले. "मग? नाही कोण म्हणत होतं?"

ते खरोखरच विसरले होते, की त्यांनी नातवावर मेहरबानी केली, हे मला आजतागायत उमगलेले नाही. यांच्याशी मी त्यावर दोनदा वाद घातला. हे म्हणतात, विसरले. मी म्हणते, नाही. माझ्या म्हणण्याला पुरावा नाही.

थोरल्याने फोन काढून काहीसे वाचले आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "आई, पुतळा केला तेव्हा हा राजा नव्हताच. युवराज होता. राजा झाला १९०१ मध्ये."

"मग?"

त्याने आबांकडे पाहिले. "काही नाही," म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

बागेची शिट्टी झाली तेव्हा आबा निघाले. पेंग्विन राहिलेच. धाकटीने कुरकुर केली नाही. तिची वही भरली होती.

भायखळ्याला टिटवाळा गाडी मिळाली, गर्दी होती, पण एका भल्या माणसाने आबांना जागा दिली. ठाणे गेले. अंधार पडला. रुळांकाठच्या चाळींतून कुठे कुठे आकाशकंदील लागले होते. आबा पेंगत होते. डोंबिवलीच्या सुमारास ते जागे झाले, इकडेतिकडे पाहू लागले, आणि त्यांचा चेहरा मला परिचयाचा झाला: फाटकासमोरून रिक्षावाल्याने आणून सोडले त्या दिवशीचा.

"ही कुठं बसली?" त्यांनी विचारले.

सासूबाईंना जाऊन सहा वर्षे झाली. यांनी माझ्याकडे पाहिले, मी यांच्याकडे. माझ्या जिभेवर शब्द आला होता. तो कोणता, ते मी लिहीत नाही.

थोरला दांडीला लोंबकळत उभा होता. तो खाली वाकला.

"बायकांच्या डब्यात, आबा. आंबिवलीला उतरेल."

"गर्दी असंल तिकडं."

"जागा मिळाली तिला. खिडकीची."

"मग ठीक," आबा म्हणाले आणि टोपी सारखी करून बाहेर बघू लागले.